एक दात कमी

मुहर्रकच्या ज्या गल्लीत माझं लेथ मशीन आहे
तिथे एसीचे कॉम्प्रेसर येतात, लाँचींचे पंप येतात,
रेल्वे कधी आली नव्हती.
येणार कुठून? या बेटावर रूळच नाहीत.

ती आली बिस्किटांच्या डब्यातून:
पत्र्याचं हिरवं इंजिन, तीन डबे, रुळांचे बारा तुकडे.
चावीची गाडी. तेल कंपनीच्या कुणा साहेबानं
मायदेशी जाताना ड्रायव्हरच्या पोरांना देऊन टाकलेली.
त्या पोरांतली एक, नूरा बिंत खलफ,
आता सत्तरीची, माझ्या स्टुलावर बसून म्हणाली,
"चालेल का?"
म्हटलं, "आधी उघडू तर दे."

आत मीठ.
समुद्र इतका आतवर शिरतो
हे मला एकवीस वर्षांनीही नवं वाटतं.

सुटे भाग कुठेच नाहीत, कारखानाच बुडाला म्हणे.
मग रात्री शटर अर्धं ओढून
मोजपट्टीच्या पोटातली स्प्रिंग काढली,
सायकलच्या स्पोकचा दांडा वाकवला,
धुराडं जुन्या तोटीतून कातलं.
शेवटच्या डब्याची एक बाजू गंजून गेलेली,
तिथे ट्यूनाच्या डब्याचा पत्रा बसवला.
खिडकीतून डोकावलात
तर प्रवाशाच्या जागी अजून अर्धा मासा आहे.
रंगाला कुंजुमोन बसला. हिरवा काही जुळेना,
शेवटी जेवणातली भेंडी समोर ठेवून जुळवला.

राहिलं मोठं चक्र.
बेचाळीस दात, त्यातला एक झिजून वाकडा.
चिपळूणच्या आयटीआयत खेडेकर मास्तर सांगायचे,
"दात आधी कागदावर मोज, धातू माफी देत नाही."
पितळेच्या चकतीभोवती कागदाची पट्टी गुंडाळली,
बेचाळीस रेघा मारल्या,
आणि कानशीनं एकेक दात, चार रात्री.
बेचाळिसावा पहिल्याला नीट येऊन भेटला
तेव्हा मी एकटाच हसलो.
जुनं चक्र भंगाराच्या बादलीत टाकलं.
बादली गुरुवारी गेली.

त्यांच्या मजलिसमध्ये, गालिचा गुंडाळून, फरशीवर रूळ मांडले.
चावी दिली. गाडी सुटली, लोण्यातून सुरी जावी तशी.
कुंजुमोननं टाळी वाजवली.
नूराबाईंनी नाही.
दुसरी फेरी. तिसरी.
त्या खिडकीखालच्या एकाच जागेकडे बघत होत्या.

"इथे थांबायची," म्हणाल्या.
"दर फेरीला, एवढीशी, उचकी लागल्यासारखी.
हमद ओरडायचा, स्टेशन आलं, उतरा."

हमद कुठे असतो ते मी विचारलं नाही.
बाई, ती उचकी नव्हती, बिघाड होता,
आणि तो काढायला चार रात्री गेल्या,
हेही बोललो नाही.
दात आहेत तर चणे नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात.
इथे दात होते हीच चूक.

पुन्हा सगळं खोललं.
बेचाळीस सारखे दात, त्यातला कुठला?
चांगला दात बिघडवायचा कसा
हे मास्तरांनी शिकवलेलं नाही.
एक निवडला. कानशीचे तीन हात.
लावून बघितलं, काहीच नाही. आणखी दोन.
जास्त झालं तर गाडी कायमची बसेल,
म्हणून शेवटचा हात अर्धाच, श्वास धरून.
"बिलात काय लिहू?" कुंजुमोन विचारत होता.

शुक्रवारी रूळ थोडे फिरवून घेतले,
उचकी बरोबर खिडकीखाली यायला हवी होती.
गाडी आली, अडखळली,
क्षणभर विचारात पडल्यासारखी उभी राहिली, गेली.

नूराबाई काही बोलल्या नाहीत.
पुढच्या फेरीला गाडी तिथे आली
तेव्हा फक्त पाय जरा मागे घेतले,
उतरणाऱ्यांना वाट द्यावी तसे.